आई नाही म्हणेना

आई कशालाच नाही म्हणत नाही, हा मला पन्नाशी उलटेपर्यंत तिचा मोठा गुण वाटत होता. चहात साखर जास्त पडली, चालेल. एसटीत उभं राहून यावं लागलं, चालेल. तिच्यासाठी कुठल्याही रंगाचं लुगडं आणा, ती घडी न मोडता मांडीवर घेणार, त्यावर हात फिरवणार आणि म्हणणार, "चालंल की. लई चांगलं हाय." अशा माणसाचा कुणाच्या डोक्याला ताप नसतो, आणि ज्याचा ताप नसतो त्याच्याकडे फारसं कुणी बघतही नाही.

गेल्या पावसाळ्यात ती हर्सूलच्या घरी मोरीत घसरली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. वडील गेल्यापासून ती तिथं एकटीच राहते, त्यामुळे आता तिचं काय करायचं हा प्रश्न निघाला आणि दादानं त्याच्या घरी बैठक बोलावली. आमच्याकडे बैठक म्हणजे दादा बोलतो, वहिनी चहा करते आणि उरलेले माना डोलावतात. दादा वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. घरातही तो शिफ्ट लावल्यासारखा बोलतो.

"आईनं आता एकटं राहायचं नाही," तो म्हणाला. "माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असून नसल्यासारखी. तू सिडकोत तळमजल्याला आहेस, एकटीच असतेस. तुझ्याकडंच सोयीचं पडंल."

मी लग्न केलेलं नाही. त्यामुळे माझ्या घरात जागा आणि माझ्या आयुष्यात वेळ, दोन्ही भरपूर आहे असं सगळे धरून चालतात. मी म्हटलं, "चालेल."

मग दादा आईकडे वळून मोठ्यानं बोलला. तिला चांगलं ऐकू येतं, तरी तो मोठ्यानंच बोलतो. "आई, पुढच्या रविवारी तू हिच्याकडं जायचं. टेम्पो सांगितलाय."

प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली, "चालंल."

चहा निवायच्या आत बैठक संपली.

आता माझ्या नशिबाचा भाग बघा. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, आणि त्याच आठवड्यात मला नीतिशास्त्राच्या तासाला शिकवायची होती स्वायत्तता. आपलं आयुष्य कसं जगायचं हे माणसानं स्वतः ठरवावं. दुसऱ्यानं त्याच्या भल्यासाठी ठरवलं तरी ते दुसऱ्याचंच राहतं. इतकी वर्षं शिकवतेय, झोपेतही सांगता येईल. त्यात एक नेहमीचं कोडं येतं, समाधानी गुलामाचं. त्याला कसलीच तक्रार नाही, मालक म्हणेल त्याला तो आनंदानं हो म्हणतो. मग तो स्वतंत्र म्हणायचा का?

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, ज्याला आयुष्यभर हो म्हणायचीच सवय आहे, त्याचा हो खरा कसा ओळखायचा?"

"त्याला नाही म्हणता येतं का, ते बघायचं," मी फाडकन उत्तर दिलं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते प्लास्टर आलं आणि उरलेला तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही.

आईच्या वडलांनी करमाडजवळच्या त्यांच्या गावात जातीनं लादलेली गावकीची कामं सोडली आणि गावाचा रोष अंगावर घेऊन स्वतःचा धर्म स्वतः निवडला. ती गोष्ट आमच्या घरात भाकरीइतक्या वेळा वाढली गेलीय. आणि त्यांच्या लेकीला भेंडी की दोडका एवढंही निवडता येऊ नये? मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो राग मी आईवरच काढायचं ठरवलं. म्हणजे तिच्याकडून एक तरी 'नाही' काढून घ्यायचं.

तिचा हात मोडल्यामुळे तो आठवडाभर मी तिच्याकडे हर्सूललाच राहिले होते. त्याच संध्याकाळी विचारलं, "भेंडी करू का दोडका?"

"तुला सोपं पडंल ते."

"मला दोन्ही सोपं आहे."

"मग दोन्ही कर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी भाजीत मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. चव बघितली तर माझीच जीभ आत ओढली गेली. आईनं डाव्या हातानं सावकाश भाकरी मोडली, भाजीशी खाल्ली, आणि म्हणाली, "जरा पाणी दे."

"कशी झालीय?"

"चालंल."

"आई, खारट झालीय ती."

"हाय थोडी," आई म्हणाली आणि जेवत राहिली. मी चडफडत ताक आणायला उठले.

हे सगळं करण्यापेक्षा, माझ्याकडे यायचंय का असं मी तिला सरळच का विचारलं नाही? तेव्हा सांगता आलं नसतं. ती नाही म्हणाली तर पुढं काय याची मला धास्ती होती, आणि हो म्हणाली तर पुढं काय याचीही. तेव्हा भाजी खारट करणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

त्या आठवड्यात ती एकच गोष्ट मला करू देत नव्हती. पाच वाजले की ती खिळ्यावरची चावी काढायची आणि गल्लीच्या टोकाला असलेलं विहार उघडायला निघायची. वर्षावास सुरू होता. आमच्याकडे पावसाळ्याच्या त्या महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात बायामाणसं जमतात, एकजण धम्माचं वाचन करते, बाकीच्या ऐकतात. चावी आईकडे. झाडायचं, सतरंजी अंथरायची, मेणबत्ती लावायची, हे तिचं काम. ते तिला कुणी दिलं मला ठाऊक नाही. बहुतेक कुणीच नाही.

"दे, मी उघडून येते," मी म्हणायची.

"कुलूप अडतं. तुला नाय जमायचं," असं म्हणून ती डाव्या हातानं बराच वेळ कुलपाशी झटायची. मी मागं नुसती उभी. हा नकार होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी दादा टेम्पो घेऊन आला. खाट चढली, पत्र्याची पेटी चढली, पिठाचा डबा चढला. आई उंबऱ्यात बसून बघत होती. दादा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आई, ती विहाराची चावी शेजारच्या मावशीकडं दे अन बस पुढं."

"नाय," आई म्हणाली.

दादाला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. त्यानं तेच आणखी मोठ्यानं सांगितलं.

"ऐकलं मी. चावी नाय देणार. अन मी येत नाय."

दादानं आधी माझ्याकडे बघितलं. "हे तू शिकवलंस का?"

मी काय शिकवणार? दादा तसा कामाचा माणूस, अडलेली गोष्ट कडेनं काढायची त्याला सवय आहे. त्यानं लगेच वाट शोधली. "अरे हां, वर्षावास आहे. माझ्या ध्यानातच नाही आलं. या दिवसांत भिक्खूसुद्धा जागा सोडत नाहीत. बरोबर आहे तुझं. आश्विन पौर्णिमा झाली की नेऊ."

वाट मोठी सुरेख होती. दादाची चूक झाकली जात होती, आईचा मान राहत होता, शेजारची मावशीसुद्धा मान हलवायला लागली. आईनं नुसतं हं म्हटलं असतं तरी भागत होतं.

"वर्षावासाच्या आड नको लपवू मला," आई म्हणाली. "पुनवेनंतर बी नाय. मला हितंच ऱ्हायचंय. मोरीत खडबडीत फरशी बसव, धरायला भिंतीला दांडा लाव. तेवढं कर."

"मग त्या दिवशी कशाला चालंल म्हणालीस?"

"तू इचारलं कुठं? आधी टेम्पोला सांगितलं, मग मला सांगितलं. सूनबाईपुढं तुझं तोंड कामून पाडायचं? म्हणलं, टेम्पो यील तवा बघू."

आठवडाभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचललं असं हायसं वाटलं मला. आई माझ्या घरी यायला चक्क नकार देत होती आणि मी वेड्यासारखी हसत होते. दादा बिचारा गोंधळला. त्याला काय सांगणार, की आपली आई समाधानी गुलाम नाही याचा मला आनंद झालाय?

शेवटी दादानंच खाट, पेटी, डबा सगळं उतरवलं, आणि जाता जाता मोरीत जाऊन वितीनं भिंत मोजून आला. दांडा कुठल्या उंचीवर पाहिजे ते त्यानं आईला विचारलं, तेही हळू आवाजात. आईनं तेवढ्या उंचीवर हात धरून दाखवला.

तो गेल्यावर मी खाटेवर गादी घालता घालता विचारलं, "एवढं नाही म्हणता येतं, तर मग त्या खारट भाजीला 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"भाजीत काय ठिवलंय? माझं जिथं काई अडत नाय तिथं कशाला हुज्जत घालू? बारक्यासारक्याला नाय नाय करत बसलं, तर खऱ्या नायला कोण इचारतं?" मग जरा थांबून म्हणाली, "अन ते मीठ तू मुद्दाम घातलं व्हतं. म्हणलं, शिकलेली बाई हाय, काईतरी तपासत असंल."

त्या मुलीला वर्गात दिलेलं उत्तर मला दुरुस्त करावं लागणार होतं. नाही म्हणता येतं का एवढंच बघून भागत नाही, आपण खरंच विचारलं होतं का तेही बघायला लागतं.

पाच वाजायला आले होते. आई चावी काढायला उठली आणि दारात थांबली.

"अन तुला?" ती म्हणाली. "मला तुझ्याकडं धाडायचं ठरलं, तवा तुला कुणी इचारलं व्हतं का?"

मी तोंड उघडलं आणि जिभेवर तोच शब्द आला, चालेल. दादाला फोनवर, प्राचार्यांना, सोसायटीच्या लोकांना, सगळ्यांना मी देते तोच. वर्गात उभं राहून स्वायत्ततेवर बोलते ती मीच.

"नाही," मी म्हटलं.

"मग? पायजे व्हते का मी तुझ्या घरात?"

तिच्या नजरेत राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला वाटतं, मला असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. सकाळचा मुका चहा, जेवताना ताटाशेजारी उघडं पुस्तक, दार लावल्यावर येणारी शांतता, हे सगळं जाणार म्हणून आठवडाभर मी धास्तावले होते, आणि त्या धास्तीला मी आईची काळजी असं नाव दिलं होतं.

"मला एकटीला राहायला आवडतं, आई," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर जीभ चावली.

"मला बी," आई म्हणाली, आणि विहार उघडायला निघाली.