खिडकीसमोरचं सूर्यफूल

वडीगोद्रीत उंच सूर्यफुलांचं घर विचारलं की लोक कडूबामामांच्या घराकडे बोट दाखवतात. मामांनी जन्मभर गवंडीकाम केलं. हात थकल्यावर घरामागच्या जागेत सूर्यफुलं लावू लागले, तीही अशी की फूल कापायला शिडी लागावी. बी लावायचं ते धम्मचक्र दिनालाच, आणि धरायचं फक्त सगळ्यांत मोठ्या फुलाचं. पाकळ्या सुकून दाणे भरू लागले की त्याला फडकं बांधायचं, नाहीतर राघू सगळं फस्त करतात. शहागडचा पंक्चरवाला निजामोद्दीनसुद्धा बी मागायला यायचा. तेव्हा मामांचा रुबाब बघण्यासारखा असायचा.

पण माणूस हट्टी. असा की शेजारी राहून माझं डोकं फिरावं.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोनं, गयामामींनी अंथरूण धरलं. मामांनी बाज मागच्या खिडकीला लावली. खिडकी त्यांनीच बसवलेली आणि सगळ्यांत मोठं झाड नेमकं तिच्यासमोर. भरलेलं सूर्यफूल फिरत नाही, उगवतीकडे तोंड करून राहतं, म्हणून ते थेट मामींकडे बघायचं. दाणे भरले तसे राघू आले, उलटे लटकून खाऊ लागले. कित्येक दिवसांनी मामी हसल्या.

मामा लगेच शिडी घेऊन निघाले.

"राहू द्या ना उघडं," मामी म्हणाल्या. "तेवढंच बघून राह्यले मी."

"समदं बी जाईल. पुढच्या साली ठेवतो उघडं, बराबर खिडकीसमोर."

मी तिथंच होते. बाकीच्या फुलांचं बी धरा, असं मीही सांगून पाहिलं. ऐकतील तर ते कडूबामामा कसले? मामींच्याच जुन्या लुगड्याचं फडकं त्यांनी गच्च बांधलं. राघू कुंपणाकडच्या झाडांवर गेले. ती बाजेवरून दिसत नव्हती. फडकं सुटायच्या आधीच मामी वारल्या.

यंदा मामांनी त्याच जागी तेच बी लावलं. झाड पत्र्याच्याही वर गेलं. परवा निजामोद्दीन बी मागायला आला, म्हणून मी त्याला आत घेऊन गेले. मामा मामींच्या बाजेवर बसले होते. बाहेर राघूंचा कलकलाट चालला होता आणि फूल निम्मं रिकामं झालं होतं. फडकं बांधायचं राहिलं का, असं निजामोद्दीननं विचारलं. मामांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

"राह्यलं न्हाई," ते म्हणाले. "गयाला कबूल केल्तं."