चिंधीवरून पारखलेले मशीन

ज्यांची ही हकिगत आहे त्यांना सारी गल्ली ‘काटेवाले’ म्हणत असे आणि पुढेपुढे ते स्वतःही तेच नाव सांगत. जन्म १९४७, मृत्यू २०१९. या बहात्तर वर्षांपैकी चव्वेचाळीस वर्षे त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवली. नात्याने ते माझे मेहुणे. माझी सर्वांत लहान बहीण त्यांना दिली होती. तिला आम्ही भावंडे ‘धाकटी’ म्हणत आलो आणि नातवंडे झाली तरी त्यात बदल झाला नाही.

धाकटीने सव्वीस वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या कपडे-विभागात शिवणकाम केले. फाटलेल्या चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे यांचे ढीग सकाळी तिच्यासमोर येत आणि संध्याकाळी शिवून जात. मशीन रुग्णालयाचे होते. घरी मशीन घेण्याचा विषय निघाला की ती म्हणे, “दिवसभर तेच, आणि घरी येऊन पुन्हा तेच? मला काय वेड लागलंय?” त्यामुळे सव्वीस वर्षांची शिवणारीण घरात असून घरात साधे हातमशीनसुद्धा नव्हते.

२०१४ साली तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, उजवा पाय ओढावा लागू लागला. वाचा मात्र आठवड्याभरात परतली. शुद्धीत बोललेले तिचे पहिले वाक्य होते, “उशीचा अभ्रा उलटा घातलाय.” काटेवाले तेव्हा रडले. अभ्रा खरोखरच उलटा होता.

घरी आल्यावर अडचण निर्माण झाली ती कपड्यांची. एका हाताने तिला बटणे लावता येत नसत. काटेवाले रोज सकाळी तिला कपडे घालत आणि घरापुरते ती ते चालवून घेई. पण बाहेर पडायला तिने साफ नकार दिला. आठवड्यातून तीन वेळा रुग्णालयात व्यायामाला जायचे होते. ती एकदा गेली, नंतर गेलीच नाही.

“दुसऱ्यानं सजवलेली बाहुली म्हणून मला मिरवू नका,” ती म्हणाली. “माझे कपडे मी घालीन, त्या दिवशी उंबरा ओलांडीन.”

व्यायाम शिकवणाऱ्या बाई एकदा घरी येऊन स्पष्ट सांगून गेल्या, की पाय आणखी सहा महिने असाच राहिला तर गुडघा आखडेल आणि मग कितीही व्यायाम केला तरी उपयोग होणार नाही. काटेवाल्यांनी सहा महिन्यांनंतरची ती तारीख दिनदर्शिकेवर लाल रेघेने अधोरेखित केली.

डाव्या हाताने घालता येईल असा, पुढून उघडणारा सदरा कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून त्यांनी शिवून घेतला. त्याची बटणे मोठी होती, पण काज घट्ट निघाली. दुसऱ्या सदऱ्याला बटणांऐवजी चिकटपट्ट्या लावून घेतल्या. त्या नको तिथे चिकटत आणि हव्या तिथे पोहोचत नसत. तिसऱ्यांदा गेल्यावर शिंपी हात जोडून म्हणाला, “काका, मी कपडा शिवू की कोडं सोडवू?”

त्याची चूक नव्हती. असा कपडा एका मापात बसत नाही. तो घालून पाहावा, उसवावा, बोटभर सरकवून पुन्हा शिवावा लागतो आणि हे दहा वेळा करावे लागते. घरी येऊन काटेवाल्यांनी जाहीर केले, “मशीन घेतो. मीच शिकतो.”

धाकटी इतकी हसली की तिला ठसका लागला. “स्वतःच्या सदऱ्याला बटण लावताना तीनदा बोट टोचून घेता, आणि निघाले शिंपी व्हायला!”

“सोन्याच्या काट्याचा तोल या बोटांनी साधलाय,” ते म्हणाले. “कापड काय सोन्यापेक्षा नाजूक असतं?”

“सोनं पळत नाही हो. कापड पळतं.”

औषधपाणी जाऊन हाताशी उरले होते ते एखाद्या साध्या मशीनपुरते. चुकीची खरेदी परवडणारी नव्हती. बाहेर न पडण्याच्या निश्चयामुळे धाकटी दुकानात येणार नव्हती, आणि काटेवाल्यांना मशीनमधले ओ की ठो कळत नव्हते. तेव्हा तिने एक युक्ती काढली. जुन्या चादरीच्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या त्यांच्याकडून कापून घेतल्या आणि बजावले, “प्रत्येक मशीनवर एक पट्टी शिवायची. अर्धी एकपदरी, अर्धी चौपदरी. सरळ रेघ. दुकानदार काय म्हणाला ते मला सांगू नका. नुसती चिंधी आणा.”

काटेवाल्यांना ही रीत पसंत पडली. त्यांनी प्रत्येक पट्टीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचे ठरवले, जशी ते तपासलेल्या काट्याला बांधत. शिवाय पिशवीत स्वतःचा हुकाचा स्प्रिंगकाटा घेतला. हलका काटा थरथरतो, जड काटा स्थिर राहतो, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता, आणि तो मशीनलाही लागू पडेल अशी त्यांची खात्री होती.

पहिले दुकान काचेचे आणि थंडगार होते. तिथल्या मुलीने साठ प्रकारचे टाके घालणारे मशीन दाखवले. काटेवाले हुक अडकवून ते उचलू लागताच ती धावत आली.

“काका, हे वजनावर नाही विकत!”

“मी वजनावर घेतही नाही, बाळ. फक्त विचारपूस करतोय.”

“यात फुलंपानंसुद्धा येतात.”

“मला सरळ रेघ येईल का?”

सरळ रेघ उत्तम आली. किंमत ऐकून त्यांनी चिठ्ठीवर ‘उत्तम’ लिहिले आणि त्याखाली ‘अशक्य’.

दुसऱ्या दुकानात डब्याएवढे प्लास्टिकचे यंत्र होते, वजन किलोभरसुद्धा नाही आणि किंमत खेळण्याची. तिसरे दुकान जुनी मशीन दुरुस्त करून विकणाऱ्याचे. त्याच्या अंगावर तेलाचे डाग आणि तोंडात अखंड बडबड. त्याने आधी पायाने चालवायचे मशीन दाखवले. ते सुरेख चालले, पण त्याच्या टेबलाला लागणारी जागा काटेवाल्यांच्या खोलीत नव्हती; पलंग आणि भिंत यांच्यामध्ये धाकटीच्या चार पायांच्या काठीपुरतीच वाट होती. मग त्याने काळे, लोखंडी हातमशीन पुढे ओढले. साडेतेरा किलो. किंमत बरोबर आवाक्यात. काटेवाल्यांचा चेहरा खुलला.

पट्टी शिवली तेव्हा मात्र त्या मशीनने मध्येच टाके सोडले. पुन्हा शिवली, पुन्हा सोडले.

दुकानात तीन गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्या देखत काटेवाले मोठ्याने म्हणाले, “हे मशीन खोटं आहे.”

मशीनवाला तेलकट हात पुसत पुढे आला. “काका, मशीन खोटं नसतं हो. काहीतरी अडलं असेल.”

“चव्वेचाळीस वर्षं खोटे काटे ओळखलेत मी. गिऱ्हाइकासमोर एकदा चुकला तो काटा घ्यायचा नसतो.” एवढे बोलून, चौथी चिंधी घडी करून, ते चालते झाले.

दुपारी चारही चिंध्या पलंगावर ओळीने मांडल्या गेल्या. धाकटीने त्या डाव्या हाताच्या बोटांनी अशा चाचपल्या, जसा वैद्य नाडी पाहतो. प्लास्टिकच्या यंत्राच्या पट्टीचे दोऱ्याचे टोक तिने दातांत धरून ओढले, तो सगळी शिवण सर्रकन उसवली. “हे मशीन नाही, चेष्टा आहे.” साठ टाक्यांच्या पट्टीकडे पाहून म्हणाली, “श्रीमंत आहे. राहू दे.” पायाच्या मशीनची पट्टी तिने थोडा वेळ धरून ठेवली, खोलीकडे एकवार नजर टाकली आणि बाजूला ठेवली.

चौथ्या पट्टीवर ती थांबली.

“ती फेकून दे,” काटेवाले म्हणाले. “खोटं मशीन आहे.”

“थांबा हो. सुटलेले टाके काय बघता? पडलेले बघा. वरचा दोरा, खालचा दोरा, दोन्हीचा ताण कसा सारखा आहे! चौपदरी कापडावरसुद्धा रेघ हललेली नाही. अहो, मशीन बिचारं सोन्यासारखं आहे. कोणीतरी सुई उलटी बसवलीय.”

“एकदा चुकलेला काटा—”

“काटा तुमचा. सुई माझी. उद्या जा आणि त्याला सुई फिरवायला सांगा.”

काटेवाले गेले नाहीत. चार माणसांत त्यांनी त्या मशीनला खोटे म्हटले होते. आता कोणत्या तोंडाने परत जाणार? आयुष्यात त्यांनी एकदा दिलेला निकाल कधी फिरवला नव्हता आणि धंद्यात त्यांची पत त्यावरच उभी होती. घरात दोन दिवस अबोला राहिला. लाल रेघ आता तीन महिन्यांवर आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी म्हणाली, “माझा निळा सदरा काढा.”

“कशाला?”

“दुकानात जायला. तुम्हाला लाज वाटते, मला यावं लागणार.”

“अगं, पण तू तर म्हणाली होतीस—”

“म्हणाले होते. तुम्हीही म्हणालाच होता की. दोघांपैकी एकाला तरी शब्द गिळायला हवा ना? घाला बटणं.”

त्यांनी बटणे लावली. पहिलेच बटण दुसऱ्या काजात गेले आणि खालपर्यंत सगळी एकेक घर चुकली. धाकटीने ते आरशात पाहिले. शुद्धीवर येताच अभ्र्याची चूक काढणारी ती बाई त्या सकाळी काही बोलली नाही. तसाच वाकडा सदरा घालून, सात महिन्यांनी, ती रस्त्यावर आली. हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. त्यांना कधीच सांगितले नाही.

दुकानात ती स्टुलावर बसली. “सुई काढा,” तिने मशीनवाल्याला सांगितले. “तिची सपाट बाजू कुणीकडे होती?”

मशीनवाल्याने सुई उजेडात धरली, मग मशीनकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. “काकू, त्या सकाळी घाईत मीच बसवली होती. पंचवीस वर्षं हेच करतोय मी!”

सुई फिरवली गेली. काटेवाल्यांनी उजव्या हाताने चाकाचा दांडा धरला, धाकटीने डाव्या हाताने कापड सरकवले. शिवण पहिल्या टोकापासून शेवटापर्यंत अखंड उतरली.

काटेवाले उठून उभे राहिले. “मी परवा तुमच्या मशीनला खोटं म्हणालो. तो शब्द मागे घेतो.”

“अहो काका, मला कशाला सांगता? त्याला सांगा,” मशीनवाला थट्टेने म्हणाला.

काटेवाल्यांनी ते थट्टेवारी नेले नाही. त्यांनी मशीनच्या काळ्या पाठीवर तळहात ठेवला आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटले. धाकटीने दुसरीकडे पाहिले.

मशीन घरी आले. ठरल्याप्रमाणे शिकायचे होते त्यांनी एकट्यानेच. पण हातमशीनला उजवा हात चाकावर आणि डावा कापडावर लागतो, आणि काटेवाल्यांचा डावा हात कापडाला असा खेचे की शिवण नदीसारखी वळणे घेई. दोन दिवस पाहून धाकटीने त्यांचा डावा हात बाजूला सारला आणि आपला ठेवला. त्या दिवसापासून दोघे खेटून बसू लागली. शेजारी बसून मी पुष्कळदा ऐकले आहे.

“हळू. दळण नाही दळायचंय.”

“मग सांग ना कधी थांबायचं.”

“थांबा म्हटल्यावर थांबायचं. त्यानंतर चार टाक्यांनी नाही.”

पहिला सदरा गळ्यात अडकला. दुसऱ्याच्या पट्ट्या निसटल्या. तिसऱ्याची उजवी बाही अरुंद झाली. चौथ्याला उजवी बाही डावीपेक्षा चार बोटे रुंद ठेवली आणि प्रत्येक पट्टीचे टोक धरायला बोटभर मोकळे सोडले. तो घेऊन धाकटी आत गेली आणि तिने दार लावून घेतले. काटेवाले बाहेर घड्याळ हातात धरून उभे होते. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी कडीला हात घातला आणि मग मागे घेतला. सव्वीस मिनिटांनी दार उघडले. सदरा सरळ बसला होता.

“काय बघताय?” ती म्हणाली. “चला, व्यायामाला उशीर होतोय.”

लाल रेघेला तेव्हा पाच आठवडे अवकाश होता. गुडघा पूर्ण मोकळा झाला नाही, पण आखडलाही नाही. वर्षअखेरीस ती काठीच्या आधाराने कोपऱ्यापर्यंत एकटी जाऊ लागली. व्यायामाच्या खोलीत इतर रुग्णांनी तिचा सदरा पाहिला, विचारणा सुरू झाली, आणि पुढल्या चार वर्षांत त्या दोघांनी मिळून असे एकोणचाळीस सदरे शिवले. मापे काटेवाले घेत, मिलिमीटरमध्ये. आणि कुणी ‘अंदाजे चालेल’ म्हटले तर त्यांना राग येई.

२०१९च्या हिवाळ्यात ते चार दिवसांच्या तापाने गेले.

त्यानंतर जे ठरले ते असे. मशीन धाकटीकडेच राहिले. दांडा फिरवायला त्यांचा मुलगा येतो म्हणाला, मीही म्हणालो. तिने दोघांनाही नको म्हटले. दोन महिन्यांनी मशीनवाला स्वतः घरी येऊन एक लहानशी मोटार बसवून गेला. तिचे पायडल डाव्या पायाखाली आहे. धाकटीचे म्हणणे असे, की मोटार चांगली आहे, सांगितल्याबरोबर थांबते, आणि तिला तेच आवडत नाही.

एक काम मागे राहिले आहे. चाळिसावा सदरा एका म्हाताऱ्या रखवालदाराचा होता. तो कापून झाला होता, आणि त्याची डावी बाही अर्धी शिवून झाली होती. रखवालदार दोनदा विचारून गेला. धाकटीने त्याच्यासाठी नवे कापड आणून मोटारीवर दुसरा सदरा शिवून दिला. पहिला तसाच मशीनच्या खणात आहे, अर्ध्या बाहीत सुई खोवलेली. तो पुरा करायचा की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.