जरा पिशवी धर

रस्त्यात कुणी आई लेकराला मारत असली की मी आधी तिच्या कानाकडं बघते. ही खोड मला बहात्तरच्या दुष्काळापासून लागली.

त्या दुष्काळात अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला होतं. आम्ही बौद्ध, आम्हाला मजुरी नवी नव्हती. पण ज्यांच्या रानात आम्ही खुरपायला जायचो, त्या घरच्या बायाही शेजारी येऊन बसल्या. खडी एकत्र फोडायची. पाण्याचं तसं नव्हतं. टँकरची रांग एकच, पण आमची कळशी त्यांच्या कळशीला लागता कामा नये.

त्यातल्या एकीची पोर, सात-आठ वर्षांची, कळशी आणताना ठेचाळली. सगळं पाणी दगडांत गेलं. टँकर रिकामा होऊन निघाला होता. आई उठली आणि पोरीला मारत सुटली. शेवटी कान असा ओढला की बाळीनं पाळी फाटली. बाया मान खाली घालून हातोडी चालवत राहिल्या.

मी उठले आणि माझ्या कळशीतलं अर्धं पाणी पोरीच्या कळशीत ओतलं.

हातोड्या थांबल्या.

"काय केलंस गं हे?" आई म्हणाली. "आता ही कळशी घरात कशी नेऊ? सासू उंबरा तरी ओलांडू देईल का?" तिनं पाणी खडीवर उपडं केलं आणि पुन्हा पोरीकडं वळली. "तू का ओतू दिलंस? तोंड न्हवतं का तुला?"

पोर रडली नाही. मार खाताना माझ्याकडं बघत राहिली.

पाणी ओतलं ते बरोबरच होतं, आजही म्हणते. पण मार तिला पडला, मला नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीत माझ्या मालकांना शिपायाची नोकरी लागली, आम्ही लातूरला आलो. बऱ्याच वर्षांनी बसस्टँडवर, चाकूरच्या गाडीची वाट बघत एक बाई आपल्या पोरीला चपलेनं मारत होती. पोरीची दुसरी चप्पल गर्दीत हरवली होती.

"ओ बाई, लेकरू हाय ते. लाज वाटत न्हाई का?" एक माणूस म्हणाला.

"लई कळवळा आलाय तर न्या घरी! घाला खायला!" बाई म्हणाली, आणि त्याचाही राग पोरीवर काढला. माणूस बाजूला झाला. पोर आता माझ्याकडं बघत होती.

मी पोरीचा विषयच काढला नाही. जवळ जाऊन म्हणाले, "बाई, जरा पिशवी धर. माझा हात भरून आलाय."

तिनं चप्पल खाली टाकली आणि दोन्ही हातांनी पिशवी धरली.

"दगडं भरलेत काय, मावशी?"

"जोंधळे हायत. कुठं निघालीस?"

"माहेरी. बोलावलं न्हाई कुणी, तरी."

तिचा श्वास हळूहळू खाली बसला. खडीवरची ती पोर एव्हाना हिच्याएवढीच झाली असणार. हिचा डोक्यावरचा पदर सरकला तेव्हा मी बघून घेतलं. दोन्ही पाळ्या धड होत्या.

गाडी लागली. मी पिशवी परत घेतली. तिचे हात मोकळे झाले, आणि तिनं पोरीला दंडाला धरून वर ओढलं. एका पायात चप्पल घालून पोर खिडकीशी बसली, आणि गाडी वळेपर्यंत माझ्याकडं बघत राहिली.