अवसेच्या दिवशी घातलेला थर

समजा, पुरुषभर खोल खड्ड्यात उतरून तळाला चार इंच काँक्रीट तुम्हालाच पसरायचंय. त्यात सळई नसते. पायाची सळई चिखलाला टेकू नये म्हणून आधी हा साधा थर घालतात. साइटवर त्याला पीसीसी म्हणतात. तो ओला असताना त्यातून पाणी वाहिलं, तर सिमेंट धुऊन जातं आणि उरते नुसती खडी.

कामोठ्याचा नामा भगत एके काळी खाडीकाठच्या खाजणात, खाऱ्या जमिनीत, भात लावायचा. १९९६ साली तो साइटवर पाणी उपसायचा पंप चालवत होता. सिडकोने शेती घेतली, तिच्या मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेला प्लॉट त्यानेच बिल्डरला दिला होता. होणाऱ्या इमारतीत ईशान्य कोपऱ्यावर त्याच्या लेकीची, उन्नतीची, खोली ठरली होती.

सकाळी तो सुपरवायझरला म्हणाला, "नंदकुमार सायेब, आज अवस हाय. दुपार टळंपर्यंत माल टाकू नका."

"काका, अमावास्या पाळायला इंजिनिअर झालो का मी? मिक्सरला लिंबू-मिरची बांधा!"

मजूर हसले. नामा पंपाकडे वळला. अवसेला भरती मोठी असते, हेही सांगावं लागतं, असं त्याला वाटलंच नव्हतं.

अकराला थर पुरा झाला. साडेअकराला ईशान्य कोपऱ्यात बुडबुडे आले.

"हितंच आमच्या बांधाची उघाडी होती, खाडीचं पानी आतबाहेर करायची!" नामा ओरडला.

"पंप लावा!" नंदकुमार म्हणाला.

पाइपातून राखाडी, दुधाळ पाणी आलं. नामाने पंप बंद केला.

"वेड लागलं काय? खड्डा भरतोय!"

"भरू दे. पानी नाय, शिमीट खेचतोय आपुन."

थराच्या बाहेर, खड्ड्याच्या कडेला त्याने फावड्याने हातभर खळगा खणला, भोकं पाडलेला डबा त्यात बसवला आणि पाइप सोडून पंप पुन्हा चालू केला. नंदकुमारही बूट काढून उतरला. आता पाणी काळं आलं, निव्वळ चिखलाचं. खड्ड्यातलं पाणी थरावर बोटभर चढलं आणि थांबलं. ओहोटी लागेपर्यंत कोणी डबा हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी नामा पहार आपटत फिरला. टण्. टण्. कोपऱ्यात मात्र धप्प.

नंदकुमारने तेवढा भाग फोडायला लावला. "काका, माल टाकायची वेळ तुम्ही सांगा."

"पाच वाजता. तवर भरती उतरलेली आसते."

या वेळी नव्याने भरलेला कोपराही टणकन वाजला.

दोन वर्षांनी उन्नती तिथे राहायला आली. भिंतीला तडा नाही. तरी अवसेच्या दुपारी नामा कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहतो, आणि नंदकुमार भेटला की विचारतो, "उघाडीचं तोंड आपुन बुजवलं, सायेब. मंग आता ते पानी जातं कुटं?"