कडेवरची जागा

संकटात माणूस देवाला हाक मारतो. माझ्यावर वेळ अशी आली, की कुठल्या देवाला हाक मारायची हेच मला आठवेना. कोल्हापूरच्या गादीवर महाराज नवे होते तेव्हाची गोष्ट. दत्तजयंतीला माहेरच्यांबरोबर नृसिंहवाडीला आले, घाटावर पाय घसरला, डोकं पायरीवर आपटलं आणि मी नदीत गेले. हे सगळं मला मागाहून कळलं. घरच्यांनी शोध शोध शोधलं, शेवटी बुडाली म्हणून रडत परत गेले.

मी शुद्धीवर आले ती नदीच्या खालच्या अंगाला, पलीकडच्या काठावर. वाळूत कलिंगडाचे वेल लावणारं एक मुसलमान जोडपं, त्यांची ती झोपडी. नाव विचारलं, सांगता येईना. गाव, जात, काहीच नाही. चाचानं वाडीत चौकशी केली, पण तोवर यात्रा पांगली होती. चाचीनं भाकरी पुढं केली आणि मी अडले. यांच्या हातचं मला चालतं की नाही, कोण जाणे! चाची फणकारली, "पोटाला तर ठावं हाय न्हवं भूक लागलीया ती? खा की!" मी खाल्ली. नाव नाही म्हणून ती मला 'पावणी' म्हणू लागली.

मी जात्याच तापट. काही आठवत नाही म्हणून भांडी आदळायची. चाची म्हणायची, "भांडी फुटत्याल माझी, तुझं डोस्कं न्हाय उघडायचं." पण एका संध्याकाळी ती माझ्याकडं बघतच राहिली. हळूच म्हणाली, "पावणी, कडंवर पोर असल्यागत कलून चालतीस तू. तुझं लेकरू हाय गं कुटंतरी." लेकराचं तोंडसुद्धा आठवत नाही, कसली आई मी? तेवढ्यात पलीकडून वाडीच्या आरतीची घंटा ऐकू आली. मी हात जोडले. म्हटलं, मी कुणाची आहे ते आता तूच बघ बाबा, माझ्याच्यानं होत नाही.

पहाटे चाची जात्यावर बसली. समोर बसून मीही खुंट्याला हात लावला. तिनं आपल्या भावाची ओवी म्हटली. एकीची झाली की समोरचीनं आपल्या भावाची म्हणायची, ही बायकांची रीतच. मी काही विचार केला नाही, ओवी आपसूक तोंडात आली:

जोतिबाच्या वाटंवरी कोडोली माझं गाव
राजस बंधवाचं माझ्या सखाराम नाव

जातं थांबलं. "या अल्ला! पावणी, घावलं की तुझं गाव!" चाची मला मिठी मारून रडली.

चाचानं लगेच गाडी जुंपली. परत आला तो माझ्या भावाला आणि लेकीला घेऊनच. दादा ढसाढसा रडत होता, आणि मला त्याची ओळखच पटेना. मी मेल्यासारखी उभी. पोरगी त्याच्या धोतराआड दडली होती. मी नुसती कलून उभी राहिले. ती आली, कडेवर चढली, खांद्यावर मान टाकली. तिच्या केसांचा वास नाकात गेला आणि मी म्हणाले, "ताने, जेवलीस का गं?" मग सगळंच परत आलं.

गावात चार तोंडं बोलली, मुसलमानाघरी राहिली, जेवली म्हणून. बोलू देत. मला एवढंच कळलं, की माझ्या हातात तेव्हा माझं नावसुद्धा नव्हतं, तरी दत्तमहाराजांनी माझा हात सोडला नाही. त्यांचा तो हात भाकरीच्या पिठानं माखलेला होता.

पुढं दरसाल वाडीचं दर्शन झालं की नावेनं पलीकडं जायची. आता चाची नाही. पण जात्यावर बसले की दादाच्या ओवीमागून तिच्या नावाची ओवी म्हणते. त्या ओवीत मी माझं नाव पावणी असंच घालते.