हौसा विडी ओढत नव्हती

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगायचं ठरवलं होतं — तेही गिळलं. आज तुम्हाला सांगते आहे, आणि सांगताना रागच येतो आहे. रागाचे वाटेकरी पुष्कळ आहेत. पण पहिला वाटा माझा.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. मी केडगावची, मास्तरांची मुलगी, नर्सिंग शिकून नुकतीच खोकल्या-दम्याच्या एका पाहणीत नोकरीला लागलेली. अकोले तालुक्याच्या डोंगरातली गावं होती. घरोघर जायचं, खोकला किती दिवस आहे, विडी ओढता का, ते विचारायचं आणि दम मोजायच्या एका नळीत जोरात फुंकायला लावायचं. काटा थांबेल तो आकडा लिहायचा. ओढणारे एका गठ्ठ्यात, न ओढणारे दुसऱ्या. संपलं काम.

हौसा तिशीची असेल. कधी विडीला हात न लावलेली. तिने तीनदा फुंकलं, आणि तिन्ही वेळा काटा म्हाताऱ्या विडीबाजांच्या आकड्यावर अडकला. ती ओशाळून हसली. "लई जोर लावते बाई, पर दमच पुरत न्हाई."

घरात नवरा, सासरा, दोन दीर. डोंगरातला पाऊस म्हणजे दार लावलेलंच. चौघे त्या एका खोलीत विडीवर विडी ओढत बसायचे. ती तिथेच रांधायची, तिथेच जेवायची, लेकीला कुशीत घेऊन तिथेच निजायची.

मला काहीतरी खटकलं. मी माझ्या वहीत एक जादा रकाना आखला — घरात कोण ओढतं? मग गावभर तेच विचारत फिरले. चुली सारख्याच, जळण सारखंच. पण ज्या घरात कुणी ओढत नव्हतं, तिथल्या बायकांचा काटा पुढे जायचा. जिथे पुरुष ओढायचे, तिथे मागे पडायचा. सगळीकडे नाही, पण पुष्कळ घरांत. दुसऱ्याच्या धुराने माणूस आजारी पडतो, याला तेव्हा आमच्याकडे शब्दही नव्हता. पण मला दिसलं होतं. लक्षात ठेवा — मला दिसलं होतं.

मी वही पाहणीच्या मुख्य डॉक्टरसाहेबांपुढे ठेवली. ते सिगारेट ओढत होते.

"चुलीचा धूर असेल."

"चूल सगळ्यांकडेच आहे, सर."

"मग चोरून ओढत असेल. बायका खरं सांगतात होय? ओढते म्हणून लिहा. एका बाईपायी माझा तक्ता बिघडवू नका."

आणि मी लिहिलं. तिच्या पाहणीच्या कागदावरच्या 'नाही'वर काट मारली, 'होय' लिहिलं, खाली सही केली. अक्षर माझं सुरेख होतं! तालुक्याच्या दवाखान्यासाठी तिला चिठ्ठी द्यायची होती, तीवरही तेच उतरवलं — विडी ओढते.

ती चिठ्ठी तिच्या नवऱ्याने शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घेतली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले, तेव्हा हौसाचा गाल सुजलेला होता. अंगणात माणसं जमली. हौसा धावत आली, माझा हात धरला.

"बाई, तुमी इचारलं तवा मी न्हाईच म्हनलं हुतं ना? सांगा की यास्नी. माजं कुनी ऐकत न्हाई."

नवरा समोर उभा. दोन बोटांत विडी. विडीपायी बायकोला मारणारा माणूस विडी ओढत माझ्या उत्तराची वाट बघत होता! आणि मला काय बोलायचं होतं? चूक माझी आहे, एवढंच. किती शब्द लागतात त्याला?

मी म्हणाले, "कागदावर आहे तेच खरं."

तिने माझा हात सोडला. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पेटीचं कुलूप चाचपत राहिले.

सासरच्यांनी तिला तिच्या भावाकडे धाडलं. लेक ठेवून घेतली — आमच्या घरची पोर म्हणून. मी घरी आल्यावर ती वही बंबात घातली. उद्या कुणी विचारलं तर? खरं म्हणजे कुणीच विचारणार नव्हतं. नोकरी कच्ची होती, मी बावीस वर्षांची होते, साहेबांपुढे कोण बोलणार — ही वाक्यं मला पाठ आहेत. ती खोटी नाहीत, म्हणून तर त्यांची जास्त चीड येते. साहेबांनी हुकूम दिला तो कागदापुरता. अंगणात साहेब नव्हते. तिथे मीच होते.

तिसरी फेरी उन्हाळ्यात झाली. मी त्या घरात गेले. चौघांचे आकडे घेतले. चौघेही ओढत होते, आणि हौसाची लेक आजोबाच्या मांडीला टेकून खोकत होती. कोरडा, खोल खोकला. चार वर्षांची पोर. लहान मुलं पाहणीत घेत नसत, तिचं नाव यादीत नव्हतं. मी नळी पुसून पेटीत ठेवली, आणि शेजारच्या घरी गेले.