टेबलावरचं एकच फूल

आज तपासणीला आलेल्या एका गर्भवतीनं माझ्या टेबलावर सोनचाफ्याची पुडी ठेवली, आणि त्या दाट, ओलसर गंधानं मला वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारी नेलं.

वटार गावची हेमा माझ्याकडच्या नऊ वर्षांच्या उपचारांनंतर गरोदर होती, जुळं होतं. दर तपासणीला ती वाडीतली सोनचाफ्याची दोन फुलं आणी. "हे थोरल्याचं, हे धाकट्याचं," म्हणत हसे. त्या दुपारी तिनं एकच ठेवलं.

"धाकट्यानं दांडी मारली वाटतं?" मी थट्टेनं विचारलं.

"दोन खुडायला गेले, डॉक्टरबाई. पन हात एकावरच थांबला."

मग सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत, पडद्यावर एकच ठोका लुकलुकला. शेजारचा जीव निश्चल होता. मी शब्द जुळवत राहिले, तेव्हा हेमानंच माझा हात धरला.

ती आधार शोधते आहे, असं तेव्हा वाटलं होतं. आज उमगतं, आधार ती मला देत होती.

पुडी ठेवून बाहेर बसलेल्या आजच्या मुलीलाही जुळंच आहे. तिची तपासणी होईपर्यंत ही पुडी उघडून मी आतली फुलं मोजणार नाही.